भूकंपाच्या मुलखातल्या आडवाटा

कच्छला जाऊन आलो असे सांगितले की आमच्याकडे लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "पांढरे रण बघितले का?" आणि दुसरा, "भूकंपाचे काही दिसते का हो अजून?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याला उत्तर देताना मात्र मी अडखळतो. कारण हाच प्रश्न मनात घेऊन मी तिकडे गेलो होतो आणि ज्या माणसाला तो विचारायला नको होता, त्यालाच विचारून बसलो. ती हकिगत पुढे येईलच.

२६ जानेवारी २००१ ची सकाळ माझ्या पिढीला आठवते. ध्वजवंदन आटोपून आम्ही घरी आलो होतो. कच्छमध्ये पावणेनऊच्या सुमारास जमीन हलली होती, पण आम्हाला त्याची तीव्रता कळायला दुपार उलटून गेली. ७.७ तीव्रतेच्या त्या भूकंपाचे केंद्र भचाऊ तालुक्यातल्या चोबारी गावाजवळ होते. भचाऊ जवळजवळ जमीनदोस्त झाले. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीत निघालेली शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडले गेले. सरकारी आकडा तेरा हजारांहून अधिक मृत्यूंचा आहे, इतर अंदाज वीस हजारांपर्यंत जातात. आमच्या गावातूनही तेव्हा कपडे आणि तांदूळ गोळा करून पाठवले होते. पुढे काय झाले, याची चौकशी आम्ही कोणी केली नाही.

ती चौकशी करायला मी गेलो तो २०२५ च्या डिसेंबरात, भूकंपाला पंचवीस वर्षे पुरी होत आली तेव्हा. भुजमध्ये भुजियो डुंगरावर स्मृतिवन आहे. २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. बळी पडलेल्यांच्या नावांच्या पाट्या तिथे आहेत, संग्रहालय आहे, जमीन हलल्याचा अनुभव देणारी खोलीही आहे. काम मनापासून केलेले आहे. पण त्या हलत्या खोलीतून बाहेर येणारी माणसे हसत होती, फोटो काढत होती. मीही त्यातलाच एक. बाहेर आल्यावर भाड्याच्या गाडीचा चालक म्हणाला, "साहेब, आता सरळ धोरडो? सगळे तिकडेच जातात." मी म्हटले, "भाई, तीन दिवस आहेत. मोठा रस्ता जितका टाळता येईल तितका टाळ."

तो खूश झाला. वाळवंटातल्या डोंगरांत गाडी घालायची त्यालाही हौस होती.

पहिल्या दिवशी आम्ही नखत्राणाच्या बाजूने धिणोधरकडे गेलो. डोंगर जेमतेम चारशे मीटरांचा, पण सपाट मुलखात एकटा उभा असल्यामुळे फार उंच वाटतो. मुळात तो ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला खडक आहे. पायथ्याशी थान नावाचे कानफाट्या नाथजोग्यांचे ठाणे आहे. आपल्याकडे नाथपंथाचे नाव निघाले की डोके आपोआप वाकते, त्यामुळे तिथली कथा मला ओळखीची वाटली. धोरमनाथाने एका नगराला शाप दिला. मग त्या पापाचे प्रायश्चित्त करायला तो डोंगर शोधत निघाला. ज्या डोंगरावर चढावे तो पापाच्या भाराने फुटे. शेवटी तो धिणोधरवर उलट्या पावलांनी चढला आणि बारा वर्षे डोक्यावर उभा राहिला. तप संपल्यावर त्याने डोळे उघडले, तेव्हा नजर पडली तो समुद्र आटला आणि त्याचे रण झाले.

ही कथा ऐकून हसणारे हसोत. मला मात्र वाटते, ज्या मुलखात डोंगर फुटल्याची आणि समुद्राची जमीन झाल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, तिथल्या लोकांना आपल्या पायाखालचे काही तरी नक्की ठाऊक आहे. १६ जून १८१९ च्या भूकंपात रणाच्या वायव्य भागात जमिनीचा एक लांबच लांब पट्टा वर उचलला गेला. ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा, काही ठिकाणी वीस फूट उंचीचा हा बांध माणसांनी घातलेला नव्हता, म्हणून लोकांनी त्याला नाव दिले 'अल्लाबंद'. त्याच वेळी दक्षिणेची जमीन खचली आणि सिंदरीचा किल्ला पाण्यात बुडाला. चार्ल्स लायेल या भूशास्त्रज्ञाने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या किल्ल्याचे चित्र छापले. त्यानंतर १९५६ मध्ये अंजारला भूकंप झाला आणि मग २००१ चा. म्हणजे इथल्या माणसाच्या घराण्यात एखादा तरी भूकंप असतोच. कोणाच्या आजोबांच्या आयुष्यात, कोणाच्या खापरपणजोबांच्या.

दुसऱ्या दिवशी बन्नीच्या गवताळ रानातून उत्तरेला निघालो. आता रान गवताळ कमी आणि काटेरी जास्त. गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, दोन्ही बाजूंनी रस्त्यावर येते. भिरंडियाराला मावा खाल्ला आणि खावड्याच्या अलीकडे फाट्यावरून वळून मालधारी लोकांच्या वस्त्यांत शिरलो. हे गुरे राखणारे लोक. त्यांची घरे गोल, मातीच्या भिंतींची, वर गवताचे टोपीसारखे छप्पर. या घराला ते भुंगा म्हणतात. आपल्याला भुंगा म्हटले की गुणगुणणारा किडा आठवतो, तेव्हा आधी थोडे हसू येते. आत गेल्यावर ते मावळते. एकच गोल खोली, भिंतीवर मातीचे उठावकाम आणि त्यात बसवलेले आरशांचे तुकडे. बाहेर ऊन रणरणत असताना आत गारवा.

२००१ मध्ये आजूबाजूची दगड-मातीची चौकोनी घरे कोसळली तेव्हा यातले बहुतेक भुंगे उभे राहिले. याचे कारण समजायला अभियंता असण्याची गरज नाही. चौकोनी घराच्या भिंती भूकंपात एकमेकींपासून सुटतात आणि कोपरे आधी उघडतात. गोल भिंतीला कोपराच नसतो, ती घागरीसारखी सगळीकडून एकमेकींना धरून असते. दारे-खिडक्या लहान आणि थोड्या. छप्पर हलके, त्यामुळे पडले तरी माणूस त्याखाली चिरडत नाही. १८१९ च्या भूकंपानंतर लोकांनी ही रचना स्वीकारली असे म्हणतात. सगळेच भुंगे वाचले असे मात्र नाही. ज्यांची निगा राखलेली नव्हती, ज्यांच्या भिंतींत धड न सांधलेले दगड भरले होते, ते पडले. म्हणजे वाचवले ते गोल आकाराने आणि त्याच्या जोडीला दर वर्षी भिंत लिंपणाऱ्या बायकांच्या हातांनी.

त्याच फाट्यावरून मुख्य रस्त्याला परत लागलो तर एका रिसॉर्टचे भुंगे दिसले. सिमेंटचे, वातानुकूलित, खिडक्या रुंद, वर गवत केवळ शोभेला. राहणाऱ्यांना सोयीचे असतील, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण शेजारच्या वस्तीतला तरुण त्याच रिसॉर्टवर नोकरी करतो आणि स्वतःसाठी चौकोनी स्लॅबचे घर बांधतो, कारण त्याला ते पुढारलेले वाटते. पाहुण्याला भुंगा आणि घरच्याला स्लॅब, असा हा उलटा व्यवहार आहे. स्लॅबचे घर वाईट नसते. नीट बांधले तर ते भूकंपात टिकते. 'नीट' या शब्दाची किंमत मला तिसऱ्या दिवशी कळली.

मध्ये काळा डुंगर आला. कच्छमधला सर्वांत उंच डोंगर, उंची साडेचारशे मीटरच्या वर. घाटाचा रस्ता अरुंद आणि काही ठिकाणी छाती दडपेल इतका चढाचा. वर दत्ताचे देऊळ आहे. साखळीच्या दत्तवाडीला जाणाऱ्या माणसाला रणाच्या काठी दत्त भेटला की घरचेच कोणी भेटल्यासारखे होते. तिथे आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसाद घालतात. दत्तात्रेयांनी भुकेल्या कोल्ह्यांना आपलेच अंग दिले, अशी कथा आहे. खाली नजर जाईल तिथवर पांढरे रण, आणि पलीकडे सीमा. पुढच्या बाजूला सैन्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, म्हणून आम्ही मुकाट्याने उतरलो.

खावड्याहून खडीर बेटाकडे जाणारा रस्ता आता रणातून सरळ जातो. दोन्हीकडे मिठाचा पांढरा पसारा आणि मध्ये काळी रेघ. पर्यटक इथे गाड्या थांबवून रस्त्यातच लोळण घेतात. आम्ही धोलावीराला गेलो. २०२१ मध्ये ते जागतिक वारसास्थळ झाले. पाण्याचे मोठमोठे हौद खडकात खोदून, दोन ओढ्यांचे पाणी अडवून हे लोक वाळवंटात राहिले. उत्खनन करणाऱ्या रवींद्रसिंह बिश्त यांना तिथे प्राचीन भूकंपांच्याही खुणा मिळाल्या. नगर हलले, लोकांनी भिंती दुरुस्त केल्या आणि पुन्हा राहू लागले. साडेचार हजार वर्षांपूर्वीची ती दुरुस्ती बघताना मी मनात म्हटले, उद्या चोबारीला जाऊ आणि अलीकडची पडझडही बघू.

रापर ओलांडून चोबारीच्या बाजूला येताना आम्ही डांबरी रस्ता सोडला. टेकड्यांमधून धुळीची वाट होती, कोरड्या नदीच्या पात्रातून दोनदा गाडी उतरवावी लागली. एका वाडीपाशी टपरीवर चहा घेतला. बाकावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. चालकाने त्यांना "राम राम बापा" केला. मीही बापा म्हणूनच हाक मारली आणि मोडक्या हिंदीत विचारले, "बापा, भूकंपात पडलेली जुनी घरे इथे कुठे बघायला मिळतील?"

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. मग म्हणाले, "पडलेले बघायला गोव्याहून आलात? चला, उभे आहे ते दाखवतो."

मला लाज वाटली. चहा तसाच ठेवून त्यांच्या मागे गेलो. दोन खोल्यांचे बैठे घर. त्यांनी भिंतीवर बोट ठेवून दाखवले. "हा एक पट्टा, जोत्यावर. हा दुसरा, खिडकीखाली. हा तिसरा, दाराच्या वर. आणि प्रत्येक कोपऱ्यात सळई, खालपासून वरपर्यंत." लोखंड घातलेले काँक्रीटचे हे पट्टे सबंध घराभोवती फिरतात आणि चारही भिंतींना एकत्र आवळून धरतात. भुंग्याच्या गोल भिंतीचे काम चौकोनी घरात हे पट्टे करतात. बापांनी गवंड्याच्या शेजारी उभे राहून हे सगळे करून घेतले होते. एकदा सळई आखूड पडली म्हणून अभियंत्याने पैशांचा पुढचा हप्ता अडवला. "तेव्हा मी त्याला फार शिव्या दिल्या," ते म्हणाले. "आता त्याची आठवण काढतो." जुन्या घरात त्यांची दोन माणसे गेली होती. याहून अधिक ते बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही.

हप्ते अडवण्याची ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. २००१ नंतर गुजरातमध्ये सुमारे दोन लाख घरे मालकांनी स्वतःच्या देखरेखीखाली पुन्हा बांधली. सरकार पैसे देई, पण एकदम देत नसे. जोते झाले, अभियंत्याने पाहिले, पुढचा हप्ता. दाराच्या वरपर्यंत काम आले, पुन्हा पाहणी, पुन्हा हप्ता. गवंड्यांना प्रशिक्षण दिले गेले. सुरुवातीला गावेच्या गावे दुसरीकडे हलवायचा विचार होता. लोकांनी आणि कच्छमधल्या संस्थांनी त्याला विरोध केला आणि बहुतेक गावे जिथल्या तिथे पुन्हा वसली.

आपल्याला या ठिकाणी किल्लारी आठवायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेत जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. त्यानंतर सर्वांत जास्त नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी हलवली गेली. रुंद रस्ते, आखीव रांगा, ठेकेदाराने बांधलेली घरे. जीव वाचवण्याच्या दृष्टीने ती घरे मजबूत होती, हे मान्य केले पाहिजे. पण वाडा, गल्ली, शेजार आणि गुरांचा गोठा यांचा मेळ त्या आखणीत बसला नाही. मग लोकांनी आपापल्या सोयीने पुढे-मागे बांधकामे वाढवली, आणि ती वाढवताना पट्ट्यांची आठवण ठेवणारा कोणी शेजारी उभा नव्हता. माझे मत असे आहे की ज्याने घर उभे राहताना पाहिले, त्यालाच ते का उभे राहते हे कळते. कच्छमध्येही सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या नावावर घर नव्हते, त्या भुजच्या भाडेकरूंचे बराच काळ हाल झाले. तरी बापांच्या बोटात जे ज्ञान मी पाहिले, ते ठेकेदाराने बांधलेल्या घराच्या मालकाच्या बोटात येत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. आम्ही बाहेर आलो तर त्याच अंगणाला लागून नवे बांधकाम चालू होते. खाली दुकानासाठी मोकळी जागा, चार बारीक खांब, पुढे शटर. वर दोन खोल्यांच्या जड भिंती. मी न राहवून भिंतीवर पट्टे शोधले. नव्हते. बापा म्हणाले, "नातवाचे आहे. तो २००३ चा. मी सांगतो, तर म्हणतो, दादा, ते होऊन गेले आता." तिकडे दादा म्हणजे आजोबा.

मला अहमदाबाद आठवले. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या त्या शहरात २००१ मध्ये अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे गेली. त्यातल्या कित्येक इमारतींच्या तळाला गाड्यांसाठी नुसते खांब होते. बापांच्या नातवाचे दुकान हे त्याच इमारतींचे लहान भावंड. स्मृतिवनातली हलती खोली त्या मुलाने पाहिली असेल, नसेल. त्याला वाचवणारी गोष्ट त्याच्या आजोबांच्या घराच्या भिंतीत होती आणि ती तो रोज बघत होता. भूकंपाची आठवण मरते ती अशी. लोक नावे विसरत नाहीत, पट्टे विसरतात.

म्हणून मला वाटते, अशा मुलखात जायचे तर मोठा रस्ता सोडून जावे, आणि 'काय पडले' हे विचारण्याऐवजी 'नंतर काय बांधले आणि कोणी ठरवले' हे विचारावे. त्या प्रश्नाने समोरच्याला आपले दुःख पुन्हा उगाळावे लागत नाही. त्याला जे येते ते तो दाखवतो, आणि आपल्याला घरी नेण्यासारखे काही तरी मिळते.

मी काय घरी नेले, ते सांगून थांबतो. आमचे घर चिऱ्याचे, मातीच्या लगद्यात बसवलेले, वर मंगलोरी कौले. पुतण्याला त्यावरची कौले काढून स्लॅब घालायचा आहे आणि वर दोन खोल्या चढवायच्या आहेत. येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देता येतील, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. मी ठेकेदाराला विचारले, "पट्टे कुठे घालणार? मातीतल्या जुन्या भिंती हे ओझे कशा पेलणार?" तो हसून म्हणाला, "काका, गोव्यात कसला भूकंप?" २००२ च्या नकाशात गोवा मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात होता, हे त्याला ठाऊक नव्हते. चार दिवसांपूर्वीपर्यंत मला तरी कुठे ठाऊक होते? आई मात्र सांगायची, १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा धक्का बसला तेव्हा पहाटे याच घरात फळीवरची भांडी वाजली होती.

सध्या काम थांबले आहे. पुतण्या माझ्याशी मोजकेच बोलतो. बांधकामाचे कळणारा एक अभियंता येऊन भिंती बघून जाणार आहे. त्याने नाही म्हटले तर माडी चढणार नाही. त्याने हो म्हटले तर पट्टे घातले जात असताना मी आणि पुतण्या दोघेही गवंड्याच्या शेजारी उभे राहणार आहोत. एवढे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.